पाचव्या फ्लॉपीला बंद पडणारी मशीन

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मी लागले. सभासदानं ऊस कधी लावला, ती नोंद त्यात असायची. त्याच क्रमानं तोडणी मिळायची. दुष्काळात ऊस उभ्या उभ्या वाळत होता, त्यामुळं त्या क्रमावरून माणसं हातघाईवर यायची. नोंदी हरवू नयेत म्हणून रोज दुपारी अकरा फ्लॉप्यांवर त्यांचा बॅकअप घ्यायचा.

मार्चपासून मशीन बॅकअपच्या मधेच बंद पडायला लागली. एरवी दिवसभर नीट चालायची. पाचवी फ्लॉपी घातली की पडदा काळा. पुण्याहून इंजिनियर आले, स्टॅबिलायझर बसवून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते आमच्या शेतकी अधिकाऱ्यांना फोनवर म्हणाले, "बाई काहीतरी चुकीचं दाबत असतील."

अधिकाऱ्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "शनिवारपर्यंत बघा. न्हाय जमलं तर पुन्हा हातानं लिहायचं रजिस्टर काढू."

आमच्या वस्तीतली मी पहिलीच अशी नोकरी करणारी, आणि चूक माझ्या बोटांची ठरली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी मशीन कधी बंद पडते ते वहीत टिपायला लागले. नव्या फ्लॉप्या वापरल्या, तरी बंद. चार फ्लॉप्यांपुरत्याच नोंदी घेतल्या, तर पार पडलं! लगेच पुढच्या चार फ्लॉप्यांच्या घ्यायला गेले तर पहिल्याच फ्लॉपीला बंद. अर्धा तास थांबून घेतल्या, पार पडलं. म्हणजे नोंदींत खोट नव्हती. मशीन दमत होती. शुक्रवारी सकाळी सातला गेले. अकराच्या अकरा फ्लॉप्या सुरळीत झाल्या. मी मशीनच्या पाठीवर हात ठेवला. जेमतेम कोमट होती. दुपारी ठेवला तर चटका बसला.

पाणी नाही म्हणून खोलीतला कूलर मार्चपासूनच बंद होता, वर पत्रा. पण तेवढंच कारण वाटेना. मी कारखान्याच्या वायरमन काकांना बोलावलं.

"काका, झाकण काढा."

"कंपनीचं सील तुटंल की, बाई."

"तुटू द्या. सांगेन मी."

त्यांनी स्क्रू काढले आणि म्हणाले, "आरं द्येवा! पंखा फिरंल कसा?" कारखान्यातून उडणाऱ्या बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा आतल्या पंख्यात गच्च बसला होता. बॅकअपला आतली डिस्क आणि फ्लॉपी दोन्ही एकदम फिरायच्या, मशीन तापायची आणि थांबायची. आम्ही रंगाच्या कोऱ्या ब्रशनं सगळं झाडून काढलं, भुसा आत येऊ नये म्हणून खिडकीला जाड फडकं बांधलं.

शनिवारी भर तीन वाजता मी शेतकी अधिकाऱ्यांना शेजारी बसवलं. पाचवी फ्लॉपी गेली. सहावी गेली. दहावीला त्यांनी चष्मा काढून पुसला. अकरावी बाहेर आली तेव्हा दारातून वायरमन काका ओरडले, "झालं की वो!"

अधिकाऱ्यांनी स्वतः पुण्याला फोन लावला. "बाईंचं काही चुकत नव्हतं," ते म्हणाले, "तुमचं चुकलं. लिहून घ्या, त्या सांगतायत," आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी सावकाश, एकेक गोष्ट सांगितली. पलीकडं इंजिनियर लिहून घेत होते.