भाईंच्या वहीचा पाव इंच

भाईंची वही मी कापली. आणि त्यांच्या तोंडावर खोटं बोललो.

नऊ वर्षं झाली त्याला. आज पहाटे भाई गेले, म्हणून आता लिहितोय. आधी लिहायला हवं होतं.

आमच्या ग्रुपवर कुणीतरी "गिरगावातले जुने प्रिंटर" असं टाकलंय.
चूक.
जयवंतभाई प्रिंटर नव्हते, बाइंडर होते. फणसवाडीत, जिन्याखालच्या खोलीत. जन्मभर.

मी नववी नापास. जे काही वाचलं ते बांधणीला आलेल्या पुस्तकांतून, उभ्या उभ्या. आज डिलाईल रोडला माझं स्वतःचं बाइंडिंगचं दुकान आहे आणि माझ्या हातची शिवण अजून कुणाची सुटलेली नाही. हे मी छाती ठोकून सांगतो.
पण हात भाईंनी घडवला. सहा वर्षं.

त्यांचे नियम दोनच.

कटिंग मशीनखाली काहीही ठेवण्याआधी पान न् पान उलटून बघायचं.

आणि ज्याने चूक केली त्यानेच ती उसवायची.

दुसऱ्या नियमामागे एक गोष्ट होती. दुपारी डबा खाताना भाई सांगायचे. निदान वीसदा ऐकली असेल.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. भाई बाविशीचे. संध्याकाळी चौपाटीवर सभा, आणि तिथे वाटायला भाषणांची छोटी पुस्तिका. चारशे प्रती, सगळ्या भाईंनी शिवलेल्या.
दुपारी एक प्रत सहज चाळली, तर सोळाव्या पानानंतर एकदम तेहतिसावं. मधली सोळा पानं शेवटी गेलेली.
चारशेच्या चारशे तशाच.

वाडीतले दोस्त प्रती न्यायला दारात उभे.

"जयवंता, चल रे! लोक भाषण ऐकायला येतायत, पानं मोजायला नाही."

"आणि घरी नेऊन वाचतील तेव्हा?"

"तेव्हा तू थोडाच समोर असणारेस!"

"मी शिवलंय, मीच उसवणार."

"मग बस उसवत. महाराष्ट्र आम्ही घेऊन येतो!"

हसत हसत गेले सगळे. भाई एकटे दोरे कापत बसले. महिनाभर ज्या सभेची वाट पाहिली, ती त्यांनी ऐकलीच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या घोषणा तेवढ्या आत येत होत्या. मग त्याही थांबल्या.

थोड्या वेळाने एक जण परत आला. बाबल्या. मूळ मालवणकडचा, लालबागला राहायचा, गिरणीत कामाला. सभेसाठी त्याने मुद्दाम पाळी बदलून घेतली होती.

भाई म्हणाले, "हात लावायचा नाही हं, बाबल्या."

"हात नाय लावूचंय रे. नुसतो बसतंय."

आणि बसला. शेवटची प्रत पुन्हा शिवून होईपर्यंत.

गोष्ट संपली की भाई डब्याचं झाकण लावत म्हणायचे, "काम आपलं आपणच करायचं, सुधाकर. पण शेजारी कुणी बसलं ना, की सुई नीट चालते."

भाईंनी लग्न केलं नाही. म्हातारपणी शेजारी बसणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. पुतणी तेवढी रविवारी दादरहून यायची.

नऊ वर्षांपूर्वी ते स्वतःची वही घेऊन माझ्या दुकानात आले. चळवळीच्या दिवसांतली रोजनिशी. त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून बांधणी माझ्याकडे.

"सावकाश कर," म्हणाले. "घाई नाही."

घाई मला होती. दुकानात कामाचा ढीग पडला होता. एकही पान न उलटता वही मशीनखाली सारली.
पाव इंच.

खाली पडलेल्या पट्ट्या उचलल्या, तर प्रत्येकीवर पेन्सिलीची अक्षरं. भाईंनी पानांच्या कडेला उभं, बारीक लिहिलं होतं. त्या त्या दिवशी सोबत कोण होतं, त्यांची नावं.

पट्ट्या क्रमाने लावून परत जोडता आल्या असत्या. आठवडा गेला असता. आणि आधी भाईंना सांगावं लागलं असतं.
मी त्या रद्दीच्या पोत्यात भरल्या.

"कडा वाळवीने खाल्ल्या होत्या भाई, काढाव्या लागल्या."

भाईंनी कडेवरून अंगठा फिरवला. वाळवीची कड कशी असते आणि पात्याची कशी, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

"बांधणी छान झालीय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी फणसवाडीत पाऊल टाकलं नाही. गिरगावात काम निघालं तर वळसा घालून जायचो. त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तिसरा आला नाही.

आज गेलो.

पुतणीने ती वही माझ्या हातात दिली. "काका म्हणाले होते, ही सुधाकरलाच द्यायची."

प्रत्येक पानाला कडेने कागदाची पट्टी चिकटवलेली. मोजली मी. बरोब्बर पाव इंच. खळ कुठे जास्त, कुठे कमी. पट्ट्या वाकड्या. थरथरत्या हातांचं काम. आणि पट्ट्यांवर पेन्सिलीने नावं पुन्हा लिहिलेली, आठवून आठवून.

चूक माझी. उसवत बसले भाई.
शेजारी कुणी नाही.

सभेच्या दिवसाचं पान काढलं. मजकूर शाईतला, जुना: "आज चारशे प्रती उसवल्या. सोबतीला एकच जण आला."

कडेच्या पट्टीवर नाव नव्हतं. लिहिलं होतं:

"नाव आठवत नाही. सुधाकरला माहीत आहे. आला की विचारायचं."

माहीत आहे, भाई.

मी पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिलं, बाबल्या.

मग न्यायची तयारी होईपर्यंत तुमच्या शेजारी नुसता बसून राहिलो.

येतो, भाई.

तुमचा,
सुधाकर