मालगाडीच्या बंद डब्यात बाबा आणि मी

गेल्या रविवारी बाबांना घेऊन त्र्यंबक रोडच्या बाजूला गेले होते. तिथे एका हौशी गृहस्थांनी छोटंसं रेल्वे संग्रहालय मांडलंय. जे झालं ते लिहायला आज कुठे धीर आला...

बाबा तरुणपणी लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे कामाला होते. मालगाडीच्या बिनखिडक्यांच्या डब्यांमधून कांदा पार कलकत्त्याला जायचा. तसलाच एक जुना डबा तिथे शेडच्या मागे उभा करून ठेवलाय. बाबा दिसताक्षणी शिडी चढून आत गेले, थेट शेवटच्या कोपऱ्यात. "वास घे, अजून येतोय का कांद्याचा?" मीही हसत मागोमाग गेले.

तेवढ्यात दार लागलं. बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला... वॉचमन जेवायला जाताना बंद करून गेला होता. आत कुणी असेल असं त्याला वाटलंच नाही, हे नंतर कळलं.

मिट्ट काळोख. एप्रिलचं ऊन आणि डोक्यावर तापलेला पत्रा. मी हाका मारत होते आणि मधेच बाबांचा श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा... त्यांना दमा आहे. पंप माझ्या पर्समध्ये, पर्स बाहेर लावलेल्या आमच्या कारमध्ये, फोनही त्यातच.

मी चप्पल काढून दारावर बडवत सुटले. "घाबरू नकोस गं," बाबा म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना मधे थांबावं लागलं. तेव्हा मी खरी घाबरले.

मग बाहेर पावलं वाजली. मी जीव तोडून ओरडले... आणि ती पावलं पळत लांब निघून गेली.

मी बाबांचा हात धरून खाली बसले. हात गार आणि ओला लागत होता. घरी आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात येत होतं...

किती वेळ गेला, सांगता येत नाही. दारापाशी कुणीतरी अगदी हळू विचारलं, "आत कोण हाय?"

"बाबांना दम लागलाय, दार उघडा हो."

कडी अडकली, पुन्हा अडकली, मग निघाली. समोर झाडलोट करणाऱ्या एक बाई, हातात खराटा काठीसारखा धरलेला. मी पंप आणायला धावले. परत आले तर त्यांनी बाबांना दारात बसवलं होतं आणि पदराने वारा घालत होत्या.

बाबांची धाप ओसरल्यावर बोलणं झालं. त्या यमुनाबाई, सुरगाण्याकडच्या.

"ह्या डब्यात माणूस मेलेला, असं वॉचमन सांगायचा," त्या म्हणाल्या. "आवाज आला तशी मी पळाले. गेटाबाहेर गेले. मंग वाटलं, खरंच कोणी असंल तर..."

"आणि एकट्याच परत आलात?"

"दुसरं कोणी नव्हतंच ना ताई." बोलतानाही त्या डब्याकडे पाठ करत नव्हत्या.

बाबा आता बरे आहेत. पण मला राहून राहून एकच वाटतं... मी आत कोंडलेली होते, मला घाबरण्यावाचून इलाज नव्हता. यमुनाबाई तर गेटाबाहेर सुखरूप पोचल्या होत्या. तेवढ्याच घाबरलेल्या असून त्या मागे फिरल्या, म्हणून आज मला बाबा आहेत.