आबासाहेबांच्या हौदाचं पाणी

परभणीत नळाचं काम करणारे पुष्कळ होते, पण काम अडलं की लोक बिरूलाच शोधत यायचे. तोंडानं फटकळ, हातानं साफ असा हा गडी. मेंढपाळाच्या घरातला माणूस या धंद्यात कसा आला, असं कुणी विचारलं की तो पाना उचलून कामाला लागे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात दिनकरराव त्याच्याकडे आले. पोखर्णीजवळच्या आबासाहेबांचे हे जावई, राहायला पुण्याला. सासऱ्यांच्या परसातल्या हौदात त्यांनी हौसेनं जपानी रंगीत मासे सोडले होते. पण पाणी आठ दिवसांत असं हिरवंगार होई की मासे दिसायचेच बंद. त्यावर इलाज म्हणून त्यांनी एक दिवा आणला होता. जाड नळकांड्यात काचेची नळी आणि त्या नळीत ट्यूब. भोवतीनं पाणी फिरलं की ट्यूबच्या अतिनील उजेडानं शेवाळ मरायचं. बिरूनं असला दिवा एकदा एका प्रयोगशाळेत बसवला होता. पण हौद कुणाचा हे कळलं तसं त्याचं डोकं भणाणलं, आणि त्यानं तिथल्या तिथं होकार दिला.

बहात्तरच्या दुष्काळात बिरू सतरा वर्षांचा होता. लेंडीखतासाठी आबासाहेबांनीच त्याच्या बापाला, भुजंगला, कळप शेतात बसवायला बोलावलं होतं. कळप बसवला की मेंढरांच्या पाण्याची सोय शेतमालकानं करायची, हा शिरस्ता. म्हणून बिरूनं दुपारी मेंढरं याच हौदावर नेली. पाण्याला निळसर झाक होती, ती त्याला दिसली. पण मालकाचं पाणी, त्यात शंका कसली घ्यायची? दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत बावीस मेंढरं हगून हगून मेली. बिरू पाण्याबद्दल बोलला. आबासाहेब पंचांपुढं शांतपणे म्हणाले, पाणी चोख आहे, पोरानं झोप काढली आणि मेंढरं खुरटलेल्या ज्वारीत शिरली. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी मेंढराला विषासारखी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंचांनी माना डोलावल्या. भुजंगनंही डोलावली. त्यानं पोराच्या हातातली काठी काढून घेतली, ती मरेपर्यंत परत दिली नाही. त्या कळपाला पुन्हा कुणी शेतात बोलावलं नाही, आणि दोन वर्षांत कळप मोडला.

एवढं सोसून माणूस सूड विसरेल असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. बिरू एक दिवस विसरला नव्हता.

काम तीन दिवस चाललं. हौदात पंप, पंपापासून पाइप दिव्याकडं, तिथून वाळू-गिट्टीच्या पिंपात, म्हणजे मेलेलं शेवाळ वाळूत अडकेल, आणि निवळलेलं पाणी परत हौदात. दिव्याच्या दोन्ही बाजूंना त्यानं युनियन, म्हणजे आट्यांचे खोलता येणारे सांधे, घातले, ट्यूब बदलायची झाली तर पाइप कापायला नको. पाणी वेगानं गेलं तर उजेड लागत नाही, म्हणून व्हॉल्व अर्धा आवळला. शत्रूच्या घरचं काम, पण एक सांधा गळेल तर शपथ. चूक काढायला जागा ठेवायचीच नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

आबासाहेब खुर्ची टाकून बघत बसायचे. त्यांनी बिरूला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी गप्पांच्या ओघात ते आपणहून म्हणाले की पूर्वी हे झंझट नव्हतं, महिन्याला मूठभर मोरचूद टाकला की शेवाळ साफ. आता माशांमुळं तो बंद केला. बिरूचा पाना पाइपवर तसाच थांबला. एकवीस वर्षांपूर्वीची ती निळी झाक मोरचुदाची होती तर, आणि मोरचूद म्हणजे मेंढराला विष. त्या संध्याकाळी त्यानं परभणीच्या बाजारातून मोरचुदाची पुडी घेतली.

तिसऱ्या दिवशी दिवा लावायचा म्हणून आबासाहेबांनी गावातली दहा-बारा माणसं बोलावली होती. त्यात तेव्हाचे दोन पंच होते. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाऊ, असं सांगून बिरूनं म्हाताऱ्या आईलाही, कासाबाईला, बरोबर आणलं होतं. हौद बघताच ती जागीच थबकली.

बिरूनं आधी पाणी सोडलं, मग बटण दाबलं. जावयानं नारळ फोडला. लोक वाहवा करत असताना बिरूनं खिशातून पुडी काढली, "वरून मूठभर मोरचूदबी टाकतो," म्हणाला आणि ती हौदावर धरली.

आबासाहेब घाईनं उठले. "अरे, ते काय करायलास? मासे मरतील की."

"मासे मरतील व्हय?" बिरू म्हणाला. "मग मेंढरं कशानं मेली, आबासाहेब? मी भुजंगचा बिरू. खरं बोला, पुडी खिशात जाईल. खोटं बोललात तर हौदात."

दिनकरराव पुढं झाले, तशी बिरूनं पुडी उघडली. आबासाहेबांनी आधी माशांकडं बघितलं, मग पंचांकडं. 

"टाकला व्हता," ते शेवटी म्हणाले. "त्याच दिवशी सकाळी. मेंढरं हौदावर येऊ देऊ नको म्हणून माझ्या गड्याला सांगायचं राहून गेलं. मेंढरं मेल्यावर माझ्या ध्यानात आलं, पण पंचांत मला खाली बघावं लागलं असतं."

एका पंचानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बिरूनं पुडी बांधली आणि ठरल्याप्रमाणं खिशात ठेवली. आबासाहेबांचा चेहरा असा पडलेला बघायला तो एकवीस वर्षं जगला होता, आणि त्याला खरोखर बरं वाटलं, पोटभर जेवल्यासारखं.

मग कासाबाई हौदाच्या काठावर बसली. "तुझा बाप मरताना म्हणला, पोरगं झोपलं नसतं तर कळप राह्यला असता," ती म्हणाली. "मीबी तेच धरून बसले, बिरू."

"मी सांगितलं व्हतं, आई. पाणी निळं व्हतं म्हणून. तुमाला दोघांनाबी सांगितलं व्हतं."

"व्हय. सांगितलं व्हतंस."

तिनं त्याचा हात धरला. या क्षणासाठी बिरूनं काहीच ठरवलेलं नव्हतं. आबासाहेबांवरचा राग फिटला होता, आणि त्याच्याखाली एवढी वर्षं आईवरचाही राग होता, हे त्याला आत्ता कळलं. आबासाहेब परके होते, त्यांनी खोटं बोलावं. हिनं तर त्याला जन्म दिला होता. त्यानं हात सोडवून घेतला, हत्यारं पिशवीत भरली आणि एसटीच्या फाट्याकडं चालू लागला. म्हातारी मागून येत होती. तिच्यासाठी तो थांबला नाही, पण पावलं मात्र हळू टाकत राहिला.