घाटाखालचा लोंढा

"पाच बायका म्हंजे लोंढा व्हय रं, पप्पू?"

"आये, बातमीत तसंच म्हनावं लागतं. नायतर बघतंय कोन?"

हिर्डोशीचा पप्पू टेम्पो विकून मोबाईलवरचा बातमीदार झाला होता. अमेरिकेत घुसखोरांना कसं हाकलतात ते पाहून त्याला हुरूप आला. पण हिर्डोशीत घुसायला एसटीच धड येत नाही. शेवटी कोकणातून वरंधा घाट चढून दरसाल भातलावणीला येणाऱ्या बायकाच त्याने घुसखोर म्हणून दाखवल्या. मागे युद्धाचं संगीत, वर लाल अक्षरं: 'गाव धोक्यात!' ते पाहून बायका यंदा आल्याच नाहीत. त्याच्या आईची, ठकुबाईंची, भाताची रोपं वाफ्यात पिवळी पडू लागली.

"बाहेरच्यांची नोंद नको व्हय? कायदा हाय का न्हाई?"

"नोंद कर की! तू तर बँड लावून घालवल्यास. आता तुझ्या बघणाऱ्यांस्नी बोलीव लावणीला."

"बोलीवलं की. समदी म्हनत्यात, भाऊ, आमी पाठीशी हाय."

"पाठीशी काय करत्यात? चिखलात वाकाया पायजेत! रोपं गेली तर वरीसभर खायाचं काय? त्या बायकांस्नी हात जोडाया घाट उतरून कोन जानार, तू का म्या?"

पप्पूने मोबाईल चुलीजवळच ठेवला, चपला घातल्या आणि घाटाच्या वाटेला लागला.