कडी नसलेला निवारा

वस्तीत तिला सगळे शिलाईवाली मावशी म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मागच्या गल्लीत धाकटी बहीण राहायची, तिचा नवरा बोटीवर कामाला. दोघी रोज भांडायच्या नि रोज एकत्र जेवायच्या.

वादळाचा इशारा आला, तेव्हा मावशी बहिणीला निवाऱ्यात न्यायला गेली. निवारा म्हणजे शाळेचा मोठा हॉल.

"तिथे पुरुष आडवेतिडवे पसरलेले असतात," बहीण म्हणाली. "संडासाला कडी नाही. त्यात माझी पाळी आलीय. मी घरीच बरी. घर पक्कं आहे माझं."

"कसलं पक्कं! शिंकलीस तरी पत्रा उडेल."

बहीण हसली, पण हलली नाही. मावशी मशीन उंचावर ठेवायला घरी आली आणि तेवढ्यात वारा सुटला. गल्ली ओलांडता येईना. शेजाऱ्यांनी तिला ओढतच निवाऱ्यात नेलं.

वारा पडल्यावर ती धावत गेली, तर बहिणीच्या घराची भिंत आत कोसळली होती आणि बहीण तिच्याखाली होती.

त्यानंतर मावशीच्या घरातून फक्त मशीनचा आवाज यायचा. भांडायला कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी वस्तीच्या कमिटीची बैठक झाली. सगळे पुरुष. दोर, बॅटऱ्या, भोंगा असं बोलणं चाललं होतं. मावशी दारातूनच म्हणाली, "आधी संडासाला कडी लावा."

अध्यक्ष हसले. "अहो मावशी, वादळात माणूस जीव वाचवील की लाज?"

"माझ्या बहिणीला दोन्ही वाचवायचं होतं."

अध्यक्षांनी यादीत सगळ्यात वर कडी लिहिली. कडी लागली. अर्ध्या हॉलला मावशीने जाड पडदा शिवून दिला. मग घरोघर जाऊन बायकांना स्पष्ट सांगितलं, "पाळी असली तरी या. कपडे ठेवलेत, आडोसा आहे."

पुढचं वादळ आलं तेव्हा पडद्यामागे पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाची तरी सासू वाऱ्याच्या वरताण घोरत होती, सुना तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मावशी भिंतीशी बसली होती. एक लेकुरवाळी तिच्याशेजारी वाकली.

"इथे कोणासाठी जागा धरलीय का?"

मावशीने बाजूला पाहिलं. खरंच, एका माणसापुरती जागा तिने मोकळी ठेवली होती.

"नाही गं. बस."

त्या वादळात वस्तीतलं कोणीच गेलं नाही. वारा पडल्यावर बायका घोळक्याने घरी परतल्या. मावशीने पडदा घडी करून ठेवला आणि मागून एकटीच निघाली. तिच्या घरात पाणी शिरलं होतं.

"आज आमच्याकडेच जेवा," शेजारीण म्हणाली.

"बघते," म्हणत मावशी ओली गादी एकटीच ओढत उन्हात नेऊ लागली.