दाराचा पाळणा

आम्ही सांगलीत बिऱ्हाड केलं तेव्हा गल्लीच्या टोकाला एक सुतार राहायचा. त्याचं गाव साताऱ्याकडच्या धरणात गेलं होतं. मोडक्या बैलगाड्या, पडक्या घरांच्या तुळया असलं जुनं लाकूड आणून तो पाट, टेबलं, खाटा करायचा. काढलेले खिळेसुद्धा ठोकून सरळ करायचा. अंगणात त्याच्या बायकोनं गळक्या बादल्यांत वांगी-मिरच्या लावल्या होत्या.

सातव्या महिन्यात मी पाळणा सांगायला गेले. भिंतीला एक सागवानी दार टेकवलेलं होतं. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, "त्ये विकायचं न्हाई, ताई. आमच्या घराचं हाय. पानी चढायच्या आदी काडून आनलं."

दुसरं कुठलंही लाकूड चालेल, असं सांगून मी परतले.

काही दिवसांनी पाहायला गेले, तर तो त्याच दारावर करवत चालवत होता. बायको वांग्यांना पाणी घालायचं सोडून बघत उभी होती.

"अहो, हे कशाला कापलंत?" मी घाबरून विचारलं.

"लय वर्सं जपलं," तो म्हणाला. "पर दार उगडून आत जायला घर कुठं हाय? ह्यात पोर तरी निजंल."

बायको पुढे आली. तिनं पदरानं फळीवरचा भुसा पुसला.

मुलगी झाल्यावर तिला घेऊन मी पहिल्यांदा बाहेर पडले ती त्यांच्याच अंगणात. बायकोनं तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "गाव कंचं हिचं?"

मी सांगायच्या आत तो म्हणाला, "आपलंच की."