दारावर आलेली बाई

सुरतेतल्या भेस्तानहून सुटणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. साड्यांचे लोंबते धागे कापायच्या कामाला जायची, म्हणून गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री असायची. नाव विचारायचं राहूनच गेलं. मोबाईलवर ती एका परदेशी राजघराण्याची हिंदीतली मालिका बघायची आणि राग आला की कात्री कचकच वाजवायची.

शेवटच्या सीझनमध्ये म्हातारी राणी मेली, त्या दिवशी कात्री थांबेचना.

"ताई, घरातलं माणूस गेलं अन् सगळे नुसते सरळ उभे! दारावर रडायला एक बाई आली नाही."

तिच्या खानदेशात कुणी गेलं की बायका दारावर रडायला जातात, हे मला ठाऊक होतं. मी शहाणपणाने म्हटलं, "त्यांच्यात तसंच असतं. आतून वाईट वाटतंच."

"मंग बाहेरच्याला कसं कळावं?"



पुढच्याच महिन्यात माझ्या सासूबाई गेल्या. आलंगेलं, चहापाणी, दिवस, सगळं मी नीट पार पाडलं; रडले मात्र नाही. तेराव्यानंतर पुन्हा बसमध्ये बसले आणि तिला सांगितलं. तिने डोक्यावर पदर घेतला, माझा हात धरला आणि भर बसमध्ये मोठ्याने रडायला लागली.

पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून मला हळूच गुजरातीत विचारलं, "एमनुं कोण गुजरी गयुं?"

मी तोंड उघडलं. पण हिचं कोण गेलं, माझ्या सासूबाई म्हणावं की राणी, तेच मला कळेना.